सांगायला जागा, ऐकायला माणूस



स्मृती व्याख्यानमालेत बोलायचे तर कुणाची तरी आठवण मनाशी धरून बोलावे. मी आजचे बोलणे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या दोघींच्या आठवणीला वाहते. एक हौसाताई पाटील. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, आपल्याच कडेगाव तालुक्यातल्या हणमंतवडियेच्या. २०२१ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. दुसऱ्या डॉ. सरोजिनी बाबर. वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या, जन्म १९२०. पहिलीने इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या धामधुमीत जिवावर उदार होऊन काम केले. दुसरी आमदार झाली, राज्यसभेवर गेली, पण तिने खरे आयुष्य वेचले ते आपल्या आयाबायांची गाणी, उखाणे, खेळ, रांगोळ्या आणि व्रते कागदावर उतरवण्यात. माझा विषय या दोघींच्या मधोमध येतो. कडेगावात आणि आसपासच्या गावांत बायकांचा एक असा गट उभा राहावा, जिथे बाई आपल्या हातचे आणि मनातले काहीतरी घेऊन येईल. गाणे, शिवण, कविता, एखादी आठवण. आणि तिच्यावर वेळ आली, तर त्याच गटातल्या चौघी तिच्या दारात उभ्या राहतील.

यावर लगेच कुणी म्हणेल, गट तर गल्लोगल्ली आहेत. खरे आहे. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ निघाले, १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, २०११ मध्ये 'उमेद' अभियान आले. आज दहा-बारा बायांचा गट, त्यांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभाग संघ अशी बांधणी खेड्याखेड्यात आहे. बाई घराबाहेर पडली, बँकेत गेली, सही करायला शिकली, चार माणसांत उभे राहून बोलायला लागली. या कामाला मी कधीही कमी लेखणार नाही. पण त्या बैठकीत बसून बघा. हजेरी, मागचे इतिवृत्त, जमा, येणे, हप्ता कुणाचा थकला. तासाभरात वही मिटते आणि बायका उठतात. ज्या बाईचा हप्ता थकला, तिला तो का थकला हे विचारले जाते. पण नवऱ्याचे काम सुटले, की तो पिऊन पैसे उडवतो, की तिचे स्वतःचे अंग दुखून ती गेला महिनाभर भांगलायला जाऊच शकली नाही, हे सांगायला त्या वहीत रकाना नाही. आणि बचत गटाबाहेर, कर्जापुरते गट करून घेतलेल्या आठवड्याच्या हप्त्यांच्या कर्जांनी तर 'गट' या शब्दाचीच कित्येकींनी धास्ती घेतली आहे. दारात वसुलीचा माणूस उभा राहिला, की ज्या शेजारणीबरोबर काल हसत होतो, तिच्याकडेच आज जामीनदार म्हणून बघावे लागते.

दुसरीकडे हळदीकुंकू आहे, भजनी मंडळ आहे, पंचमीचे फेर आहेत, गौरीच्या जागरणाची रात्र आहे. त्यांत गाणे आहे, नटणे आहे, हौस आहे. फक्त ते वर्षातून ठरावीक दिवशी येते, आणि त्यातल्या हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नाहीत. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनी तसेच करावे असे सांगितले. ठराव होऊन गेले. आता संक्रांतीला प्रत्येक घरातून आमंत्रण कुणाकुणाला गेले, हे बघायचे काम आपले.

म्हणजे एका ठिकाणी शिस्त आहे पण मनातले बोलायला वाव नाही. दुसऱ्या ठिकाणी वाव आहे पण सातत्य नाही, आणि सगळ्यांना प्रवेशही नाही. या दोन्हींच्या मधली जागा आपल्याकडे पूर्वी होती का? होती. ती जात्यापाशी होती.

जात्याबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी बायका दळायला बसत. बहुतेक वेळा दोघी, समोरासमोर, एकाच खुंट्याला हात लावून. नणंद-भावजय, जावा-जावा, कधी सासू आणि सून, कधी शेजारीण. घरातले पुरुष निजलेले असत. जात्याच्या घरघरीत आवाज झाकला जाई. हात कामात असल्याने 'बसून गप्पा मारतात' असे कुणी म्हणू शकत नसे. आणि ओढीच्या लयीवर ओवी येई. आई-बापाची, भावाची, पंढरीची, सीतेच्या वनवासाची, सासुरवासाची, पुढे बाबासाहेबांचीही. मुळशी खोऱ्यापासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पोतवँ यांनी १९८० नंतरच्या काळात खेड्यापाड्यांतल्या बायकांबरोबर बसून या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. एवढे मोठे काव्य, आणि ते रचणाऱ्या बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती.

या ओव्यांचे काव्य म्हणून कौतुक पुष्कळ झाले आहे. मला त्यांची एक वेगळी सोय दिसते. ओवीला मालकीण नसते. जी गाते, तिची ती नसते, कुणाकडून तरी आलेली असते, आणि गाताना ती थोडी बदलते. सीता वनात एकटी पडली असे गाणाऱ्या बाईला 'तू कुणाबद्दल बोलतेस?' असे कुणी विचारू शकत नाही. पण समोर बसलेल्या बाईला कळते. ती पुढची ओवी जोडते, आणि त्या जोडण्यातच 'मला समजले' हे सांगून टाकते. घरातल्या माणसाचे नाव न घेता घरातले सगळे सांगता येते. दुःख उघडे पडत नाही, तरी पोचते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे शतकानुशतके वापरले. संत जनाबाईंची दळणाची प्रतिमा आपल्या मनात इतकी खोल बसली, तीही उगाच नाही. बहिणाबाई चौधरींनी रानात आणि घरात काम करता करता जे म्हटले, ते मुलाने आणि नातलगांनी टिपून ठेवले म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकात आले. टिपून घेणारे घरात नव्हते अशा बहिणाबाई आपल्या तालुक्यात किती होऊन गेल्या असतील, याचा विचार केला की जीव कळवळतो.

सांगलीत वर्षानुवर्षे शिकवलेल्या डॉ. तारा भवाळकर २०२५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या सहाव्या स्त्री. ताराबाईंनी लोकगीतांकडे पाहायला एक दृष्टी दिली: बाईने स्वतःबद्दल विचार करणे हे शहरातून किंवा पुस्तकातून आलेले नाही, ते तिच्या गाण्यांत आधीपासून आहे. मी त्यांच्या म्हणण्याला एवढेच जोडेन की तो विचार गाण्यात होता, तसा आधारही गाण्यातच होता. निर्मिती आणि मदत या दोन गोष्टी आपल्या आज्यांनी वेगळ्या ठेवल्याच नव्हत्या.

मग गिरणी आली. ती आली हे फार चांगले झाले. पहाटे उठून पायली-दोन पायली दळायचे म्हणजे काय, हे ज्या बायांच्या खांद्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासमोर जात्याचे गोडवे गाऊ नयेत. पण गिरणीने बाईचे कष्ट नेले, त्यांच्याबरोबर ती पहाटेची जागाही गेली. पुढे नळ घरात आला, पाणवठा गेला. टेंभू योजनेचे पाणी आले, माळरानावर ऊस उभा राहिला, पैसा आला, आणि बाईच्या रानातल्या कामाला खंड राहिला नाही. आपल्या भागातली कितीतरी घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी केरळपासून बंगालपर्यंत पांगली. कुणाची सून परक्या भाषेच्या शहरात दिवसभर खोलीत एकटी, तर कुणाची सासू इकडे मोठ्या बंगल्यात कुलपांना सोबत करत एकटी. दोघींच्या हातात फोन आहे. पण फोनवर 'बरी आहे' एवढेच सांगितले जाते.

ही गेलेली जागा आपण पुन्हा करायची आहे. आणि ती करताना 'आमच्याकडे असे कधी नव्हते' असे कुणी म्हणाले, तर त्यांना आपल्याच मुलखाचा इतिहास सांगा. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांनी १८५२ साली पुण्यात महिला सेवा मंडळ काढले आणि त्याच वर्षी तिळगुळाचा समारंभ ठेवला. सगळ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसवले जाईल, असे आमंत्रणातच स्पष्ट लिहिले. आज ज्यांना वाटते की सगळ्यांना एकत्र बसवणे ही घाई आहे, त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. त्यानंतर तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे अशा कामांत पडल्या, शिकू लागल्या, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त त्रास घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांकडून झाला. १९१० साली आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले आहे. गट काढायला निघालेल्या प्रत्येकीने ते वाचावे, म्हणजे पहिला टोमणा घरातून आला तर ती खचणार नाही.

आणि अगदी शेजारचे उदाहरण. १९१० साली पलीकडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्याच्या गावातून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी ते सुरू केले. मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्या जवळच्या गावात बायकांचे लिहिणे छापले जाऊ लागले. त्याच 'स्त्री'मध्ये घडलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' काढले. त्या नावातच त्यांनी आपले म्हणणे सांगून टाकले होते. आणि आपल्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात, १९८० च्या दशकात, कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. नवऱ्याने टाकलेली बाई तोवर भावाच्या दारात, खाली मान घालून, कुणाच्या हिशोबात नसलेली अशी जगत होती. तशाच इतर कितीतरी आहेत हे तिला मेळाव्यात आल्यावर कळले. आपण एकट्या नाही, हे कळणे हीच त्या मेळाव्याची पहिली मिळकत.

म्हसवडची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असायला हवी. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात चेतना सिन्हा यांनी बायांची बँक काढायचे ठरवले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका बँक कशी चालवणार, म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका घरी गेल्या, शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला तोंडी व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या लोकांनाही यंत्राशिवाय काढू द्या, बघू कुणाचे आधी होते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे तिथे बायांचा रेडिओही आला. म्हणजे बँक करून झाल्यावरही त्यांना बोलायला, गायला जागा हवीच होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. गट काढायचा म्हणजे काय करायचे?

सगळ्यांत आधी वेळ. हा विषय साधा वाटतो, पण गटात कोण येणार हे वेळच ठरवते. मधल्या वारी दुपारी तीनला बैठक ठेवली, की दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी बाई आपोआप बाहेर राहते. मग उरतात त्या घरच्या बऱ्या, बहुतेक एकाच आळीतल्या आणि एकाच जातीच्या. कुणी कुणाला वगळलेले नसते, तरी वगळले जाते. म्हणून ज्या दिवशी रानातल्या कामाला सुट्टी असते तो दिवस धरा, बाजारावरून आल्यानंतरची वेळ धरा, आणि ती कधी बदलू नका. दोघीच आल्या तरी बसा. जात्यापाशी दोघीच असायच्या.

मग जागा. देऊळ नको, तिथे पाळीच्या दिवसांत कित्येक जणी येणार नाहीत आणि मुसलमान मैत्रिणींना अवघडल्यासारखे होईल. ज्या कडेगावात ताबूत हिंदू-मुसलमानांनी मिळून उभारायचे, दोघांनी मिळून खांद्यावर घ्यायचे, त्या गावात बायकांची बैठक वेगवेगळी भरावी हे शोभत नाही. कुणाच्या घरी बसलात तर घरमालकीण पाहुणचारात अडकते आणि तिच्या घरातला पुरुष दारातून दोनदा डोकावतो. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, अंगणवाडी, यांतले काही मिळते का बघा. वाचनालय मला सगळ्यांत पसंत, कारण बाईला तिथे जायला निमित्त मिळते आणि परत येताना हातात पुस्तक येते.

आणि पहिल्या दिवशी काय करायचे? 'आपापली दुःखे सांगा' असे कृपा करून म्हणू नका. कुणीही सांगणार नाही, आणि सांगितलेच तर दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप करील. प्रत्येकीने जुन्या लुगड्याचा, पातळाचा एक तुकडा आणावा आणि सगळ्यांनी मिळून एक वाकळ शिवायला घ्यावी. हातात सुई असली की नजर खाली राहते, आणि नजर खाली असली की बोलणे सोपे जाते. हे लुगडे कुणाचे, असे कुणी विचारते. आईचे, ती अशी अशी गेली. एवढ्यावर सगळे सुरू होते. म्हाताऱ्या आक्का, आत्ती असतील त्यांना गाणी विचारा. पंचमीची, गौरीची, जात्याची. फोनवर आवाज टिपून घ्या, पण त्यांना विचारून. आणि त्यांनी नको म्हटले तर फोन बाजूला ठेवा. शिकलेल्या सुना ती वहीत उतरवून काढतील. सरोजिनीबाईंनी राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून जे राज्यभर केले, ते आपल्या आळीपुरते तुम्ही करा. पंचाहत्तरी उलटलेल्या बायांबरोबर ही गाणी जाणार आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

ज्या लिहितात त्यांनी लिहिलेले वाचून दाखवावे. लिहीत नाहीत त्यांनी सांगावे. कुणाचे लिहिणे चांगले आणि कुणाचे वाईट, याचा निवाडा पहिले वर्षभर करू नये. स्पर्धा, बक्षिसे, प्रमाणपत्रे नकोत. बाई पहिल्यांदा आपले चार शब्द चौघींत वाचते, तेव्हा तिचा आवाज कापतो. त्या वेळी तिला गुण द्यायचे नसतात.

ऐकणे हे मात्र शिकावे लागते. आपल्याला सल्ला द्यायची फार घाई. एकीने तोंड उघडले की तीन जणी 'अगं, तू असं कर' म्हणून सुरू होतात, चौथी तिच्यापेक्षा मोठे स्वतःचे दुःख काढते. पूर्वी आपल्याकडे पैरा होता. आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या रानात राबते. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, पण पाळी चुकवायची नाही. ऐकण्याचा तसा पैरा असावा. आज मी तुझे पूर्ण ऐकले, मध्ये बोलले नाही. पुढच्या वेळी माझी पाळी.

बोललेले बाहेर जायचे नाही, हा एक नियम मात्र लोखंडासारखा हवा. गाव लहान आहे. एक गोष्ट एकदा बाहेर गेली की गट संपला, तो पुन्हा उभा राहत नाही. सासू आणि सून एकाच गटात असतील तर काय, असे मला नेहमी विचारतात. माझे उत्तर असे की दोघींनाही येऊ द्या, पण वेगवेगळ्या दिवशी बसणारे दोन गट करा, आणि गाण्याला, वाकळीला, सणाला दोन्ही गट एकत्र येऊ द्यात. सासूलाही बोलायला जागा नाही, हे आपण फार सहज विसरतो. ती कधीकाळी सून होती, आणि तिचे त्या वेळचे अजून कुणीही ऐकलेले नाही.

आता हौसाताईंकडे येते. प्रतिसरकारच्या काळात भवानीनगरच्या पोलीस ठाण्यावरची हत्यारे पळवायची होती. हौसाताई आणि त्यांचा एक साथी नवरा-बायको म्हणून ठाण्यासमोर आले. त्याने तिला मारायचे, तिने आकांत करायचा, पोलीस भांडण सोडवायला बाहेर यायचे, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आत शिरायचे. तसेच झाले. खोटे भांडण खरे वाटावे म्हणून त्या साथीदाराने दोन थपडा जोरातच लगावल्या, ही त्यांची तक्रार म्हातारपणीही कायम होती. मी ही हकीकत आठवते तेव्हा मला एकच गोष्ट टोचते. त्या दिवशी खोट्या माराला माणसे धावून आली. आजही किती घरांतला खरा मार भिंतीपलीकडच्या घरातही ऐकू येऊन ऐकला जात नाही. 'त्यांच्या घरातली गोष्ट' म्हणून आपणच दार लावून घेतो.

गट असला की हे दार लावून घेता येत नाही. ज्या बाईच्या आईच्या लुगड्याचा तुकडा आपल्या हाताने वाकळीत शिवला, तिच्या घरातून आकांत आला तर पाय थांबत नाहीत. आधार असा तयार होतो. तो अर्ज भरून मिळत नाही. पण पाय दारापर्यंत गेल्यावर पुढे काय करायचे, हे गटाला माहीत हवे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे. त्याखाली संरक्षण अधिकारी असतात, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क बाई मागू शकते. मदतीसाठी १८१ हा क्रमांक आहे, जिवावर बेतले तर ११२. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न किती हे न बघता. हे वाचनालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि बाईला ठाण्यात किंवा कचेरीत एकटीला कधी पाठवू नका. दोघींनी बरोबर जायचे, बाकावर शेजारी बसायचे, आणि बोलायचे तिला स्वतःला.

रोजची मदत याहून साधी असते, आणि गट टिकतो तो तिच्यावरच. कराडच्या दवाखान्यात कुणाची आई असेल तर रात्रीची पाळी वाटून घेणे. परीक्षेला बसलेल्या सुनेचे मूल सांभाळणे. विट्याला किंवा सांगलीला कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्या बाईच्या एसटीच्या भाड्यासाठी डब्यात थोडे पैसे असणे. त्याला व्याज नाही, वसुली नाही. नव्याने विधवा झालेल्या बाईला महिन्याच्या आत हाताला धरून बैठकीला आणणे. आणि महिला ग्रामसभेला सगळ्यांनी मिळून जाणे. मुख्य ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यावी असे कायदाच सांगतो. कित्येक ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे. दहा जणी एकत्र गेल्या तर ती खरी भरवावी लागेल.

गट मोडतात कशाने? एकीनेच सगळे ओढल्याने. म्हणून किल्ली, वही आणि डबा दर तीन महिन्यांनी वेगळ्या बाईकडे जावा, आणि त्यांतली एक तरी अशी असावी जिला लिहिता येत नाही. उद्घाटनाला पुढारी बोलावल्यानेही गट मोडतो. निवडणूक आली की त्याच बायका मिरवणुकीला मागितल्या जातात, आणि गटाचे दोन गट होतात. कुठल्याही पक्षाच्या बाईने यावे, पक्षाने येऊ नये.

इथे बसलेल्या पुरुषांना माझे एवढेच मागणे आहे: त्या दिवशी घरी संध्याकाळचा चहा तुम्ही करा, आणि ती परत आल्यावर 'काय बोललात?' असे विचारू नका. शिक्षकांनी वर्ग उघडून द्यावा, वाचनालयाच्या मंडळींनी खोली द्यावी.

आणि मैत्रिणींनो, तुम्ही आज इथून घरी जाण्याआधी पाच जणींनी मागे थांबा. नाव, अध्यक्ष, शिक्का, यांतले काही आज ठरवू नका. बैठक कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या खोलीत, एवढे तीन शब्द ठरवा, आणि पहिल्या बैठकीला जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन या.